समासातल्या फुल्या

सर्जेकोटच्या बर्फाच्या कारखान्यात मी लाद्या मोजते.
किती लाद्या, कुठल्या होडीला, रोख की उधार.
वहीच्या समासात एक बारीक फुली असते,
ती बर्फाची नव्हे.
आधी महिन्याला तीन, मग पाच,
गेल्या वर्षी तर पानाला कुंपण घातल्यासारख्या.

मालकांनी एकदा विचारलं, ही कसली खूण?
म्हटलं, तुटफूट.

आई म्हणे, बायलमाणसाक दुखताच.
शेजारीण म्हणे, एक प्वॉर झाला काय बरा जाता.
शेवटी बांबोळी.
तिथल्या डॉक्टरीणबाईंनी केसपेपर उलटा केला
आणि पेनाने एक पिशवी काढली,
दोन्ही बाजूंना हात पसरलेली.

म्हणाल्या, अस्तर दर महिन्याला तयार होतं,
कुणी आलं नाही की आवरून घेतं.
प्रत्येक पेशीला आतूनच निरोप असतो,
झालं तुझं, आता मर.
आणि ती मरते. आकसते,
स्वतःच्या बारीक पुड्या बांधते
आणि शेजारणींच्या हवाली करते.
आवाज नाही, सूज नाही.

काहींना हा निरोप पोचत नाही.
किंवा पोचतो, पण त्या ऐकत नाहीत.
उलट्या वाटेने निघतात, नळीतून पोटात,
अंडाशयामागे, आतड्याच्या वळणावर,
मिळेल तिथे चिकटतात
आणि तिथेही इमानाने, महिना भरला की,
रक्त सांडतात. बाहेर वाट नसलेलं रक्त.
जुनं झालं की काळपट, घट्ट.
त्या गाठीला चॉकलेट म्हणतात, बाई म्हणाल्या,
आणि स्वतःच जरा ओशाळल्या.

मला कालवं आठवली.
कोळंबच्या खाडीत मोठी सुकती लागली
की आई कोयती घेऊन उतरते.
वरचं शिंपलं उचकटतं, मांस निघतं,
खालचं खडकातच राहतं, धार वर करून.
त्यावरच पुढची कालवं बसतात.

मी विचारलं, सगळं निघेल?
बाई म्हणाल्या, दिसेल तेवढं.

गुलाब आते होती, बाबांची थोरली बहीण.
नवऱ्याने आणून सोडली,
सोबत एक ट्रंक आणि एक कोंबडी.
महिन्यातले चार दिवस ती रापणीच्या होडीआड
तापल्या वाळूत पालथी पडायची.
देवीला गाऱ्हाणं घातलं, कौल उजवा लागला,
पुढल्या महिन्यात ती परत होडीआड.
वांझ, आळशी, नाटकी,
हे सगळं मी ऐकलंय, काही मीही बोललेय.
मी सहा वर्षांची, तिच्या कमरेवर उभी राहायचे.
ती म्हणायची, जड हो गो, आणखी जड हो.
मला वाटायचं, खेळ आहे.

टाके सुकले, कामावर आले.
पोटावर तीन खुणा, तांदळाएवढ्या.
मरायला नकार देणाऱ्या त्या पेशींचा
मला दरवेळी राग येत नाही.
सगळ्यांनी निमूट गळून जावं
असं कुठे लिहिलंय, असंही मनात येतं.
तेवढ्यात कळ येते
आणि मी तो विचार मागे घेते.

आज दुपारी होड्या यायच्या होत्या,
कोरं पान होतं.
वर लिहिलं, गुलाब भिवा कुबल. माहेरच्या नावाने.
बत्तीस वर्षं, बारा महिने, चार दिवस.
एक हजार पाचशे छत्तीस.
समासात शंभरही मावल्या नाहीत,
मग रकान्यांत शिरले, रोखच्या, उधारच्या.

चारशेच्या पुढे कुठेतरी
बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं.
दारात सिंधुकन्याचा तांडेल, ओल्या पायांनी.
वीस लाद्या, तो म्हणाला.
पान उलटलं.
वीस. उधार.